खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या

पत्र

काका, नमस्कार.

मी ३९ वर्षांची, धनकवडीत राहते. सोळा वर्षं एका कंपनीत होते. मार्चमध्ये कंपनीने आमचा विभागच बंद केला. पीएफ आणि हिशेबाचे मिळून २२ लाख हातात आहेत. दोन वर्षांपूर्वी आमचा राहता जुना फ्लॅट मी स्वतः उभी राहून नवा करून घेतला. गवंडी, प्लंबर, सुतार सगळे मीच शोधले. ५ लाख २० हजारांत काम झालं. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘हे धंदा म्हणून का करत नाहीस?’ त्यात रोज रात्री रील्स बघते. अमेरिकेत नवरा-बायको पडकं घर घेतात आणि नव्वद दिवसांत चकाचक करून विकतात.

सहकारनगरमध्ये एक फ्लॅट पाहिलाय. १९८७ ची सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, ५६० चौरस फूट कार्पेट. आजोबा एकटेच राहतात. आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा कॅनडात, मुलगी नाशिकला. ४८ लाख मागतायत. एजंट म्हणतो, सहा लाख घाला, ६२ ला डोळे झाकून जाईल. म्हणजे आठ लाख सुटतात. नवऱ्याच्या पगारावर ३० लाखांचं कर्ज मिळतंय. नवरा ‘नको’ म्हणतो. का, तर ‘मला बरोबर वाटत नाही’, एवढंच. सासूबाई मात्र पाटल्या मोडायला तयार आहेत. शनिवारपर्यंत एक लाख विसार द्यायचाय. देऊ का?

– एक वाचक, पुणे

उत्तर

नाही. शनिवारी विसार देऊ नका.

काका म्हणालात, म्हणून आधी उत्तर दिलं, आता कारणं सांगतो. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या अंगात हे काम आहे याबद्दल मला शंका नाही. सुताराला वेळेवर हजर करणाऱ्या माणसाबद्दल मला कायम आदर वाटत आलाय. शंका आहे ती त्या आठ लाखांबद्दल.

६२ उणे ४८ उणे ६ बरोबर ८, हा एजंटचा हिशेब. त्याला तेवढाच येतो असं नाही, त्याला तेवढाच सांगायचा असतो. आता मी वही उघडतो. खरेदीखत फक्त तुमच्या नावावर केलंत तर पुण्यात मुद्रांक शुल्क सहा टक्के पडतं, कारण महिलांना एक टक्का सवलत आहे. म्हणजे २ लाख ८८ हजार. नवऱ्याचं नाव दस्तात घातलं की सवलत गेली आणि ४८ हजार वाढले, त्यामुळे त्याला कर्जात सहकर्जदार ठेवा, मालक नको. हे शुल्क ४८ लाखांवर धरलंय. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, त्या फ्लॅटची किंमत जास्त निघाली तर त्या किमतीवर भरावं लागेल. नोंदणी फी ३० हजार. एजंटचा एक टक्का, ४८ हजार. वकिलाचा शोध अहवाल (मालकीचे जुने कागद तपासून दिलेला), बँकेची प्रोसेसिंग, कर्जाचा मुद्रांक, झेरॉक्स आणि चकरा मिळून ४० हजार. सोसायटीची हस्तांतरण फी जास्तीत जास्त २५ हजार. ती कोणी भरायची यावर घासाघीस होते आणि शेवटी ज्याला गरज असते तो भरतो. गरज तुम्हाला आहे. झाले ४ लाख ३१ हजार, अजून एक फरशी उचललेली नाही.

इथे जरा थांबा आणि स्वतःच्या बँक पासबुकाकडे बघा. ४८ मधून ३० चं कर्ज गेलं, उरले १८ लाख स्वतःचे. त्यात हे ४ लाख ३१ हजार मिळवा. २२ लाख ३१ हजार होतात. तुमच्याकडे २२ आहेत. म्हणजे किल्ली हातात येईल त्या दिवशी तुमच्याकडे गवंड्याला चहा पाजायलाही पैसे नसतील. सासूबाईंच्या पाटल्यांचा विषय कुठून निघाला ते मला पत्रात कळलं नव्हतं, ही बेरीज केल्यावर कळलं.

पुढे. ३० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिना २१ हजार २५० रुपये नुसतं व्याज. नव्वद दिवस हे रीलमधले. इथे काम चार महिने, गिऱ्हाईक मिळायला तीन-चार, त्याचं कर्ज मंजूर होऊन दस्त व्हायला दोन. दहा महिने धरा: २ लाख १२ हजार ५००. मेंटेनन्स, वीजबिल, मिळकत कराचा वाटा मिळून २५ हजार. विकताना परत एजंटचा एक टक्का, ६२ हजार. दुरुस्तीचे सहा लाख मी तुमचेच ठेवले, तर एकूण खर्च होतो ६१ लाख ३० हजार ५००. फ्लॅट अगदी ६२ ला गेला तरी हातात ६९ हजार ५०० रुपये. दहा महिन्यांचे. महिना सात हजार, वर उन्हातान्हातली धावपळ फुकट.

आणि दुरुस्ती सहा लाखांत होणार नाही. मी नऊ धरतो. मग ६९ हजारांचा नफा नाही, २ लाख ३० हजारांचा तोटा आहे.

अमेरिकेतल्या त्या नवरा-बायकोचं कौतुक जरूर करा, पण टेक्साससारख्या काही राज्यांत घर हस्तांतरणावर करच नाही, हे ते रीलमध्ये सांगत नाहीत. त्यांना सांगायची गरज नाही, तिथे तो खर्चच नाही. तिथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची, भिंत म्हणजे आतून पोकळ आणि वरून पुठ्ठ्यासारखा जिप्समचा बोर्ड. भिंत काढायला त्यांना दुपार लागते. आपल्याकडे विटेची भिंत, वर सिमेंटचा गिलावा, आणि राडारोडा दुसऱ्या मजल्यावरून गोण्यांत भरून खांद्यावर उतरवायचा. पण ते जाऊ दे. खरा फरक मुद्रांकाचा आहे. घेऊन लगेच विकणाऱ्याला आपल्याकडे पहिल्याच पायरीवर सहा-सात टक्के सोडावे लागतात.

एजंट तुम्हाला सांगेल, ‘मॅडम, गुंतवणूकदाराला मुद्रांक परत वजा मिळतो, तीन वर्षांत विकलं तर.’ अर्धं खरं आहे. ती सवलत बिल्डरकडून नवा फ्लॅट गुंतवणूकदार म्हणून घेणाऱ्याला आहे, २०२२ मध्ये तिची मुदत एक वर्षावरून तीन वर्षं झाली. जुन्या सोसायटीतल्या फेरविक्रीच्या फ्लॅटशी तिचा संबंध नाही. तो असंही म्हणेल की, ‘खरेदीखत कशाला करताय? नोटरीपुढे साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करू, ताबा घ्या, काम करा, गिऱ्हाईक आलं की आजोबांकडून थेट त्यालाच लिहून देऊ.’ असं म्हणाला तर त्याचा नंबर ब्लॉक करा. ताबा घेतला की साठेखतालाही खरेदीखताएवढाच मुद्रांक लागतो. आणि तुम्ही नऊ लाख घातलेलं घर कागदोपत्री आजोबांचंच राहतं. उद्या त्यांना काही झालं तर तुम्ही कोण?

आता तुमचे सहा लाख मी नऊ का केले ते सांगतो. तुमचा स्वतःचा फ्लॅट ५ लाख २० हजारांत झाला, त्याची वही तुमच्याकडे असणार. तुम्ही वही ठेवणाऱ्यांतल्या वाटता. ती काढा आणि तिच्यात काय नाही ते बघा. तुमची मजुरी नाही. कुठल्या तरी भाच्याने किंवा दिराने वायरिंगचं काम घरचं म्हणून केलं असेल, ते नाही. राहत्या घराचं काम होतं, म्हणून जुनी कपाटं ठेवली असतील, खिडक्या ठेवल्या असतील, एका बाथरूमला हात लावला नसेल. स्वतःच्या घरात आपण चालवून घेतो. विकत घेणारा चालवून घेत नाही. तो येतो, खिडकी सरकवून बघतो, बेसिनखाली वाकतो आणि बायकोकडे बघतो.

१९८७ च्या इमारतीत बहुतेक ठिकाणी पाण्याचे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात. बाहेरून धडधाकट, आतून गंजाने इतके अरुंद झालेले की काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल. सांडपाण्याचे बिडाचे पाइप, त्यांचे सांधे पाझरत असतात. मीटरपाशी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतील तर अर्थिंग विचारूच नका. या घरात एसीचे दोन पॉइंट, गीझर, वॉशिंग मशीन, इंडक्शन चालवायचं म्हणजे मीटरपासून नवं वायरिंग. हे सगळं भिंतीच्या आत जातं, दिसत नाही, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. ते ओट्याच्या ग्रॅनाइटचे देतं, ट्रॉल्यांचे देतं, हॉलमधल्या उजेडाचे देतं. माझ्या अनुभवात जुन्या घरावर घातलेल्या रुपयातला निम्मा असा भिंतीत गडप होतो.

लिफ्ट नाही, म्हणजे वाळू, टाइल्स, सिमेंट सगळ्याची मजल्यागणिक वेगळी मजुरी. सोसायटी डिपॉझिट घेणार आणि वेळ ठरवून देणार. सहकारनगरमधली जुनी सोसायटी आहे, दुपारी एक ते चार ठोकाठोकी केलीत तर सेक्रेटरी बनियनवर खाली येतील. म्हणजे गवंड्याला दिवसाची पूर्ण हजेरी द्यायची आणि काम पाच तासांचं घ्यायचं. त्यात टाइल्सवाला होळीला गावी गेला की तो कधी उगवेल हे त्याच्या गावच्या शेतीवर अवलंबून.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीस वर्षं व्हॅल्युअर म्हणून बँकांसाठी घरांच्या किमती ठरवत फिरलो, आणि १९९९ साली स्वतःही हा शहाणपणा करून बसलो. मी आणि एक मित्र, दोघांनी मिळून कर्वेनगरला पहिल्या मजल्यावरचा वन बीएचके घेतला. मोझॅकच्या लाद्या इतक्या सुंदर होत्या की नुसत्या पॉलिशने चमकल्या. बाथरूमला मात्र नव्या टाइल्स लावल्या, निळ्या, तेव्हा फॅशन होती. गिऱ्हाईक ठरलं. ते दुसऱ्यांदा बघायला आलं त्याच संध्याकाळी खालचे गृहस्थ प्लॅस्टिकची बादली घेऊन वर आले. अर्धी भरलेली बादली. काही बोलले नाहीत, फक्त आमच्या नव्या दिवाणखान्यात मधोमध ठेवली. आमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या देवघरावर ठिबकत होतं. आम्ही टाइल्स बदलल्या होत्या, नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं भांडं, आणि त्याखालची भरणी तशीच ठेवली होती. चार हजार वाचले म्हणून खूश होतो. निळ्या टाइल्स फोडल्या, ट्रॅप बदलला, विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा नव्याने केला, पुन्हा टाइल्स लावल्या. त्या रंगाच्या मिळाल्या नाहीत. चौदा महिन्यांनी विकलं आणि सगळं जाऊन दोघांत अकरा हजार उरले. त्यात एक स्कूटर आली असती, तीही जुनी.

म्हणून जुना फ्लॅट बघायला गेल्यावर मी आधी त्या फ्लॅटमध्ये जात नाही. खालच्या मजल्यावर जातो. बेल वाजवतो, नमस्कार करतो, ‘वरचा फ्लॅट बघायला आलोय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का’ असं सरळ विचारतो. नाही म्हणणारा मला आजवर एकच भेटला. बाकीचे हात धरून आत नेतात, कारण त्यांनी वर्षानुवर्षं ते कोणाला तरी दाखवायची वाट बघितलेली असते. छताला पिवळट कडा असलेला डाग असेल तर पाणी जुनं आहे. रंग फुगून पापुद्रे सुटले असतील तर अजून येतंय. प्लॅस्टर पडून सळया दिसत असतील, त्या गंजून फुगल्या असतील, तर तो तुमच्या दुरुस्तीचा विषय राहिलेला नाही. मग वरच्या घरात जा. एक रुपयाचं नाणं घेऊन तुळयांवर, छज्जाखाली ठकठक करा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक कळायला व्हॅल्युअर असावं लागत नाही, कलिंगड घेणाऱ्या प्रत्येकाला तो कळतो. इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन सांडपाण्याच्या पाइपाशी पिंपळ उगवलाय का बघा. पान लहान दिसतं, मूळ भिंतीत दोन फूट गेलेलं असतं. हे सगळं पावसाळ्यात बघितलंत तर उत्तम, आणि एकदा सकाळी पाणी यायच्या वेळेला.

सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. बहुतेक ठिकाणी झालेलं नसतं. ‘आमची बिल्डिंग मजबूत आहे हो’ हा अहवाल नव्हे.

आणि सेक्रेटरींकडे गेलातच तर सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तांची वहीही मागा. मला वाटतं, तुमच्या या व्यवहारातला सगळ्यात मोठा प्रश्न त्या वहीत आहे. सहकारनगरला आज १९८७ च्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला फ्लॅट ६२ लाखांना कोण घेईल? तरुण जोडप्याला लिफ्ट आणि पार्किंग हवं. म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी बघणारा दुसरा मजला ऐकूनच फोन ठेवतो. उरतो तो, ज्याला पुनर्विकासात नवा मोठा फ्लॅट मिळण्याची आशा आहे. त्याला तुमच्या टाइल्सशी काही देणं-घेणं नाही, कारण त्याच्या डोक्यात ही इमारत आधीच पाडलेली आहे. तो उलट आजोबांच्या मळक्या भिंती आणि तुमच्या पांढऱ्या भिंती यांना एकच भाव देईल.

तेव्हा वहीत पुनर्विकासाचा ठराव आलाय का, बिल्डरचे प्रस्ताव मागवलेत का, सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालंय का, समोरचा रस्ता नऊ मीटरचा आहे की सहाचा, हे बघा. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा विकत घेतलेला हक्क, मिळायची अडचण असते आणि मग बिल्डर फिरकत नाहीत. पुनर्विकास जवळ आला असेल तर दुरुस्ती वाया, आणि लांब असेल तर ६२ चा भाव हवेतला. दोन्हीकडून तुमचे नऊ लाख मध्ये अडकतात. एजंटला एकच विचारा: याच सोसायटीत किंवा शेजारच्या गल्लीत, लिफ्ट नसलेला, दुरुस्त केलेला फ्लॅट गेल्या वर्षभरात ६२ ला गेला असेल तर त्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा, दाखवा. जाहिरातीतला भाव नको, नोंदलेला दस्त हवा.

आता आजोबा. पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, ‘आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या’. मी त्या ओळीवर थांबलो. त्या काळात मध्यमवर्गीय घरं नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलेली सर्रास दिसतात. शेअर सर्टिफिकेटवर आणि मूळ करारावर आजींचं नाव आहे का बघा. असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या हिश्श्यात आजोबा, कॅनडातला मुलगा आणि नाशिकची मुलगी सारखे वाटेकरी आहेत. सोसायटीत आजोबांचं नॉमिनेशन आहे म्हणून भागत नाही. नॉमिनी सांभाळणारा असतो, मालक नव्हे. मग एकतर दोन्ही मुलांनी आजोबांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं, नाहीतर खरेदीखतावर सगळ्यांनी सह्या करायच्या. कॅनडातून कुलमुखत्यारपत्र आलं तर इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत ते मुद्रांकित करून घ्यावं लागतं. आणि मुलगा अनिवासी विक्रेता म्हणून सही करणार असेल तर ‘५० लाखांच्या आत टीडीएस नाही’ हा नियम त्याच्या हिश्श्याला लागू नाही. तो निवासी विक्रेत्यापुरता आहे. अनिवासीचा कर घेणाऱ्याने कापायचा असतो, दरही कितीतरी जास्त. कापला नाहीत तर आयकर खातं कॅनडाला जात नाही, धनकवडीला येतं.

नाशिकच्या मुलीशी कोणी बोललंय का? विचारून बघा. मी पाहिलेल्या अडकलेल्या व्यवहारांत ‘ती काही मागणार नाही हो’ अशी जिच्याबद्दल ग्वाही दिली होती, तिनेच वकील नेमलेला असायचा. तिचं चुकत होतं असंही नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मळलेलं घर घ्यावं, भांडणातलं घेऊ नये. तुमच्या हातातली कला मळ काढायची आहे.

आणखी एक, थोडं अवघड. तुमचा हिशेब कधी जमतो तेही मी काढून पाहिलं. नऊ लाख दुरुस्ती, विक्री ६२, आणि दहा महिन्यांच्या खटाटोपाला पाच लाख हवेत, तर तो फ्लॅट तुम्हाला ४१ लाखांच्या आसपास मिळायला हवा. तेही आयकराच्या आधी. चोवीस महिन्यांच्या आत विकलं की तो अल्पमुदतीचा नफा, तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबने कर. असे दोन-तीन व्यवहार केलेत की खातं त्याला सरळ धंदाच म्हणणार. तर ४८ चा फ्लॅट ४१ ला कोण देतो? ज्याला घाई आहे, किंवा ज्याला भाव माहीत नाही. एकट्या राहणाऱ्या आजोबांना चार खोल्यांचा नाही, अवघ्या दोन खोल्यांचा पसारा आवरून कुठेतरी जायचंय. त्यांच्याकडून सात लाख काढून घ्यायचे, हे तुम्हाला जमेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. न जमणं चांगलंच आहे. पण मग या धंद्यात कमाई कुठे असते ते लक्षात घ्या. ती विकताना नसते. घेताना असते.

मग काय करायचं? घर विकत घेऊ नका, घराचं काम घ्या.

तुमच्याच भागात बघा. सहकारनगर, बिबवेवाडी, पद्मावती, कोथरूड, जिथे जाल तिथे बंद फ्लॅट आहेत. मुलं परदेशात, आई-वडील गेले किंवा मुलांकडे राहायला गेले, घराला कुलूप. विकायचंय, पण जसं आहे तसं विकलं तर भाव येत नाही आणि इथे उभं राहून काम करून घेणारं कोणी नाही. त्या माणसाला तुमची गरज आहे, आणि त्याच्या घराला तुमच्या मुद्रांकाची गरज नाही. दहा टक्के देखरेख फी घेतलीत तरी नऊ लाखांच्या कामावर ९० हजार होतात. म्हणजे सहकारनगरच्या ६९ हजारांपेक्षा जास्त, चार महिन्यांत, स्वतःचा एक रुपया न अडकवता आणि नवऱ्याच्या पगाराला हात न लावता. हिंमत वाढली की पुढच्या कामाला फी कमी करा आणि ठरलेल्या भावाच्या वर जेवढ्याला जाईल त्यात वाटा मागा. मूळ भाव आधी तटस्थ व्हॅल्युअरकडून लिहून घ्या, नाहीतर विक्रीच्या दिवशी मालकाला आठवतं की भाव तेवढा आधीपासूनच होता.

करार लेखी करा, साधा दोन पानी चालेल, पण त्यात काय करायचं आणि काय नाही हे खोलीगणिक लिहा. ‘एक्स्ट्रा काम’ हा शब्द सगळ्या भांडणांचा बाप आहे. सामानाची बिलं मालकाने थेट दुकानदाराला भरावीत. तुमच्या खात्यातून फिरवू नका, नाहीतर त्याचे नऊ लाख तुमची उलाढाल दिसतील आणि वर्षाला वीस लाखांची जीएसटीची मर्यादा तीन घरांत ओलांडाल. ठेकेदाराला हप्ते कामाच्या टप्प्यावर द्या, तारखेवर नको, आणि शेवटचे पंधरा टक्के हातात ठेवा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स लावायच्या आधी, ट्रॅप बंद करून अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवा आणि रोज खाली जाऊन छत बघा. हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलोय. का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

अशी तीन-चार घरं केलीत की तुम्हाला खरे दर कळतील, भरवशाचा प्लंबर मिळेल, आणि कोणत्या गल्लीत काय भावाने घरं जातात हे एजंटच्या आधी कळेल. त्यानंतर एखादं मळकं, पण कागद स्वच्छ असलेलं घर बरोबर भावात समोर आलं, तर जरूर घ्या. तेव्हा मला विचारायची गरजही पडणार नाही.

नवऱ्याबद्दल एवढंच, की त्याला कारण सांगता आलं नाही, पण हप्ता त्याच्या पगारातून जाणार होता आणि नोकरी जाणं म्हणजे काय ते त्याने मार्चमध्ये घरात पाहिलंय. त्याला वरचा हिशेब दाखवा. सासूबाईंच्या पाटल्या असू देत त्यांच्या हातात, आणि त्यांना माझा नमस्कार सांगा. सुनेच्या धंद्यावर पाटल्या लावणारी सासू मी तीस वर्षांत दुसरी पाहिली नाही.

हे सगळं वाचूनही तो फ्लॅट डोक्यातून जात नसेल, जाणार नाही हे मला माहीत आहे, तर शनिवारी एजंटला सांगा की आधी मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, आजींचा मृत्यूदाखला आणि असेल तर मृत्युपत्र यांच्या प्रती द्या, वकील बघतील, मग विसाराचं बोलू. ‘दुसरी पार्टी उभी आहे’ म्हणेल. उभी राहू दे. तरी पुढे कधी विसार द्यायची वेळ आलीच, तर चेकने द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की शोध अहवाल स्वच्छ निघाला नाही किंवा कर्ज मंजूर झालं नाही तर पूर्ण रक्कम परत. आजोबांची सही आणि दोन साक्षीदार, एजंटची सही नव्हे.

आणि रविवारी सकाळी पहिल्या मजल्याची बेल वाजवून या. छताचा फोटो काढता आला तर मला पाठवा.